फुप्फुसात पसरलेला कर्करोग : परत फिरण्यापूर्वी

(पोलादपूर तालुक्यातील कापडे येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, शासकीय कर्मचारी आणि आशा स्वयंसेविका यांच्या सभेत एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या सभेत मी एका शस्त्रक्रियेविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाची माहिती जनतेपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तेव्हा उपचार सुचविण्याचा अधिकार मला नाही, याची जाणीव ठेवूनच मी बोलणार आहे. परंतु आपल्या भागात एक वाक्य वारंवार कानावर येते आणि त्या वाक्यासरशी एखाद्या घरातील सारे प्रयत्न थांबतात, हे मी पाहिले आहे. ते वाक्य असे : "कॅन्सर छातीत उतरलाय, आता घरी न्या." पुष्कळदा हे वाक्य डॉक्टरांचे नसतेच. छातीचा फोटो पाहून कोणी नातलग ते म्हणतो, शेजारी त्याला दुजोरा देतो आणि पाहता पाहता तो घरातील निर्णय होऊन बसतो.

या वाक्यात तथ्य किती आणि घाई किती, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

एका घरातील हकिकत

माझे आजोळ याच सावित्रीच्या खोऱ्यातले. वीसेक वर्षांपूर्वी, मी शासकीय सेवेत नुकताच दाखल झालो होतो त्या सुमारास, माझ्या एका मामेभावाच्या पायाला गुडघ्याच्या वरच्या बाजूस ठणका लागला. वय सतरा वर्षांचे. कबड्डी खेळताना तो पडला होता, म्हणून मुका मार असेल असे समजून दोन महिने तेल चोळणे आणि पट्टी बांधणे चालले. सूज वाढत गेली तेव्हा त्याला मुंबईला नेले. हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. केमोथेरपी झाली, पाय वाचवून गाठ काढण्यात आली आणि मुलगा, काठी टेकीत का होईना, आपल्या पायांनी घरी आला. दर तीन महिन्यांनी तपासणीस यावे व छातीचा फोटो काढावा, असे त्याच्या कार्डावर लिहून दिले होते. पहिल्या दोन तारखा पाळल्या गेल्या. तिसरी तारीख लावणीच्या दिवसांत आली. चौथीच्या वेळी हातात पैसा नव्हता. शिवाय मुलगा हिंडतफिरत होता. त्यामुळे दुखणे गेले, असेच सर्वांना वाटत होते.

वर्ष-दीड वर्षाने त्याला खोकला लागला. फोटो काढला, तो छातीत डाग दिसले. तो फोटो घेऊन मामा मुंबईला गावकीच्या खोलीवर आले. लालबागच्या त्या लहानशा खोलीत आठ-दहा नातलग जमले. "छातीत उतरलाय, आता कापाकापी कशाला?" असे एकदोघे म्हणाले. तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत पदवीधर असा मी एकटाच होतो. मामा म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तू सांग." मी सांगितले, "घरी नेऊ या." ज्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले होते ते तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होते, परंतु तो फोटो आम्ही तेथे दाखविला नाही. आठ महिन्यांनी मुलगा गेला.

पुढे काही वर्षांनी एका आरोग्यविषयक पुस्तिकेच्या कामानिमित्त छातीच्या एका शल्यचिकित्सकांची भेट झाली. काम संपल्यावर मी त्यांना ही हकिकत सांगितली. त्यांनी मला पाच प्रश्न विचारले. पायातील मूळ गाठ पूर्ण निघाली होती का? ती शस्त्रक्रिया आणि छातीतील डाग यांमध्ये किती काळ गेला? डाग किती होते आणि सगळे काढता येण्याजोगे होते का? फुप्फुसाखेरीज आणखी कोठे रोग दिसला होता का? आणि मुलाचा दम कसा होता? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अंदाजाने देता आले. बाकीची उत्तरे गावी पेटीत ठेवलेल्या कागदांत होती. "शस्त्रक्रियेने तो वाचला असता, असे आज कोणीही सांगू शकणार नाही," ते म्हणाले, "पण हे विचारायला हवे होते."

त्यांचे हे पाच प्रश्न हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

रोग फुप्फुसातच का जातो?

कर्करोगाच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तवाहिन्यांत शिरतात. शरीराच्या निरनिराळ्या भागांतून परत येणारे अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येते आणि तेथून सर्वच्या सर्व फुप्फुसांकडे पाठविले जाते. तेथे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे असते. ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहत आलेला पालापाचोळा बांधाच्या जाळीत अडकावा, त्याप्रमाणे या पेशी तेथे अडकतात. बहुतेक तेथेच नष्ट होतात. परंतु एखादी मूळ धरते आणि तिची गाठ होते. हाडाचा, स्नायूंसारख्या मऊ भागाचा, मोठ्या आतड्याचा, मूत्रपिंडाचा, स्तनाचा, वृषणाचा असे अनेक कर्करोग या मार्गाने फुप्फुसात पोहोचतात.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. हाडातून फुप्फुसात गेलेला कर्करोग हा 'फुप्फुसाचा कर्करोग' नव्हे. जागा बदलली तरी जात बदलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी हाडाच्या कर्करोगाच्याच दिसतात आणि उपचारही त्यानुसारच ठरतात. म्हणूनच मूळ आजाराचे जुने कागद, विशेषतः गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, जपून ठेवणे अगत्याचे असते.

दुसरी गोष्ट अशी की, या गाठी लहान असताना बहुधा कोणताच त्रास देत नाहीत. खोकला, धाप, थुंकीतून रक्त ही लक्षणे गाठ वाढल्यावर किंवा श्वासनलिकेजवळ आल्यावर दिसू लागतात. म्हणजे माणूस हिंडतोफिरतो, शेतात काम करतो, म्हणून छाती स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. साध्या क्ष-किरण चित्रात न दिसणाऱ्या बारीक गाठी सीटी स्कॅनमध्ये दिसू शकतात. ठरलेल्या तारखेस तपासणीला बोलावितात ते याचसाठी.

तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कर्करोगाच्या रुग्णाच्या छातीत दिसलेला प्रत्येक डाग कर्करोगाचाच असतो असे नाही. आपल्या देशात क्षयरोगाचे प्रमाण मोठे आहे आणि क्षयाचा डाग व कर्करोगाची गाठ ही चित्रात पुष्कळदा सारखीच दिसतात. क्षय समजून कर्करोगाकडे दुर्लक्ष झाल्याची उदाहरणे आहेत आणि कर्करोग समजून खचून गेलेल्या माणसाला बऱ्या होण्यासारखा क्षय असल्याचीही आहेत. सुईने तुकडा घेऊन, आणि कधी कधी गाठ काढून तपासल्यावरच, खरा प्रकार कळतो. फोटो उजेडासमोर धरून हा निर्णय आपण घरी करू नये.

शस्त्रक्रियेची वाटचाल

पसरलेला कर्करोग शस्त्रक्रियेने काढावा, ही कल्पना एके काळी वेडेपणाची वाटत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात छातीच्या भिंतीवरील गाठ काढताना आत फुप्फुसावर दिसलेली गाठही काढण्याचे एकदोन प्रयत्न झाले. ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच १९२७ साली दिविश नावाच्या झेक शल्यचिकित्सकाने दुसरीकडून फुप्फुसात आलेली गाठ स्वतंत्र शस्त्रक्रियेने काढल्याची नोंद आहे. १९३३ साली अमेरिकेतील बोस्टन येथे एका रुग्णाच्या फुप्फुसाचा गाठ असलेला भाग डॉ. एडवर्ड चर्चिल यांनी काढला. ती गाठ मूत्रपिंडाच्या कर्करोगापासून झालेली होती आणि रोगट मूत्रपिंडही काढण्यात आले होते. तो रुग्ण पुढे तेवीस वर्षे जगला आणि त्याचा मृत्यू झाला तो अन्य कारणाने. या एका उदाहरणाने वैद्यकीय जगाचे लक्ष वेधून घेतले.

त्यानंतर अनुभव वाढत गेला. १९६५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या शल्यचिकित्सकांनी अशी शस्त्रक्रिया कोणावर करावी याचे नियम मांडले; आजही थोड्याफार फरकाने तेच पाळले जातात. १९७१ साली न्यूयॉर्क येथील मेमोरियल रुग्णालयातून एक अहवाल प्रसिद्ध झाला. हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत फुप्फुसातील गाठी काढाव्यात, पुन्हा झाल्या तर पुन्हा काढाव्यात, अशा धोरणाने काही तरुण रुग्णांना दीर्घ आयुष्य लाभल्याचे त्यात दाखविले होते. हाडाचा हा कर्करोग मुख्यतः वाढीच्या वयातील मुलामुलींना होतो, ही गोष्ट येथे जमलेल्या शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

पाच प्रश्न

आता त्या पाच प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न मूळ रोगाचा. ज्या ठिकाणी कर्करोग सुरू झाला तेथे तो पूर्णपणे काढला गेला आहे, किंवा काढता येण्यासारखा आहे, अशी खात्री असावी लागते. झरा वाहता ठेवून खालचे डबके उपसण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. मूळ उपचार आणि फुप्फुसातील गाठी यांत जितके अंतर अधिक, तितका रोग संथ असण्याचा संभव अधिक आणि शस्त्रक्रियेपासून लाभाची आशाही अधिक. तीन वर्षांनी आलेली गाठ आणि तीन महिन्यांत उठलेल्या दहा गाठी यांचा अर्थ एकच नव्हे.

तिसरा प्रश्न गाठींच्या संख्येचा आणि जागेचा. एकच गाठ असणे केव्हाही चांगले. परंतु दोन-चार गाठी आहेत किंवा त्या दोन्ही बाजूंस आहेत, एवढ्यावरून मार्ग बंद होत नाही. कसोटी ही की, दिसणाऱ्या सर्व गाठी पूर्णपणे काढता येतील का? काही काढून काही आत ठेवण्याने रुग्णाला सहसा फायदा होत नाही, छाती उघडल्याचा त्रास मात्र होतो.

चौथा प्रश्न अन्यत्र रोग आहे का, हा. यकृत, मेंदू, हाडे येथेही तो पोहोचला असेल, तर केवळ फुप्फुसावरील शस्त्रक्रियेचे प्रयोजन बहुधा उरत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात यकृतातील गाठीही काढता येण्यासारख्या असतील, तर काही वेळा दोन्हींचा विचार होतो.

पाचवा प्रश्न दमाचा. शस्त्रक्रियेनंतर उरणारे फुप्फुस रुग्णाला पुरेल का, आणि त्याचे हृदय व एकूण प्रकृती भूल सोसू शकेल का, हे श्वासाच्या चाचण्यांनी पाहतात. वर्षानुवर्षे विडी ओढलेल्या माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न अनेकदा आडवा येतो.

या पाचांच्या जोडीला एक विचार नेहमी असतो : याहून सोपा व तितकाच गुणकारी दुसरा उपाय आहे का? वृषणाच्या कर्करोगात औषधांचा प्रभाव इतका मोठा असतो की, प्रथम औषधे दिली जातात आणि नंतर उरलेल्या गाठीपुरतीच शस्त्रक्रिया करतात. स्तनाच्या कर्करोगात औषधोपचारावरच मुख्य भर असतो. लहान गाठीवर नेमका किरणोपचार करण्याची किंवा सुई घालून उष्णतेने ती जाळण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. म्हणून हा निर्णय एका डॉक्टरने घ्यावयाचा नसतो. शल्यचिकित्सक, औषधतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञ एकत्र बसून तो घेतात.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

'फुप्फुस कापतात' या शब्दांनी माणूस घाबरतो, म्हणून थोडी माहिती देतो. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. या शस्त्रक्रियेत शक्यतो संपूर्ण खंड काढीत नाहीत. आंब्याचा डागाळलेला भाग सभोवतालच्या थोड्या गरासह कापून काढावा, त्याप्रमाणे गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी कड पाचरीच्या आकारात काढतात. जितके फुप्फुस राखता येईल तितके राखतात, कारण पुढे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. भूल दिल्यावर ज्या बाजूवर काम करावयाचे ती बाजू श्वासोच्छ्वासातून तेवढ्यापुरती वगळतात आणि दुसऱ्या फुप्फुसावर श्वास चालू ठेवतात. फासळ्यांच्या मधून छाती उघडून हाताने चाचपून गाठी शोधणे ही जुनी व खात्रीची रीत आहे. लहान छिद्रांतून दुर्बीण घालूनही हे काम होते. त्यात वेदना कमी असतात, परंतु हाताचा स्पर्श मिळत नाही. कोणती रीत योग्य, हे गाठींवरून ठरते.

शस्त्रक्रियेनंतर छातीत साचणारी हवा व पाणी बाहेर काढण्यासाठी एक नळी काही दिवस ठेवतात. वेदना होतात, त्यासाठी औषध मिळते. दीर्घ श्वास घेण्याचे व खोकून कफ काढण्याचे व्यायाम मात्र रुग्णाने स्वतःच करावयाचे असतात. जवळच्या नातलगाने "दुखतंय तर राहू दे" असे म्हणून त्याला पडून राहू देणे ही माया नव्हे.

लाभ किती?

आता आकड्यांकडे येतो. येथे मी आशा वाढवून सांगणार नाही आणि कमीही करणार नाही. युरोप, अमेरिका व कॅनडा येथील अठरा केंद्रांतील ५,२०६ रुग्णांची नोंद १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या सर्व गाठी पूर्णपणे काढता आल्या, त्यांच्यापैकी शेकडा ३६ रुग्ण पाच वर्षे, शेकडा २६ दहा वर्षे आणि शेकडा २२ पंधरा वर्षे जगले. ज्यांच्या गाठी पूर्ण काढता आल्या नाहीत, त्यांच्यापैकी पाच वर्षे जगणारे शेकडा १३ होते. 'छातीत उतरला म्हणजे संपले' असे मानणाऱ्यांनी यातील पंधरा वर्षांचा आकडा पाहावा.

परंतु याच आकड्यांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडले गेले तेच मुळी संथ रोगाचे आणि धडधाकट प्रकृतीचे. तेव्हा त्यांचे आयुष्य शस्त्रक्रियेने वाढले की ते एरवीही तितके जगले असते? या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या पुढाकाराने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांत एक चाचणी घेण्यात आली. रुग्णांची विभागणी चिठ्ठी काढावी तशी करून एका गटावर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यावर केली नाही. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती अपुरी थांबली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ९३ रुग्णांच्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे मध्यम आयुर्मान जवळजवळ सारखेच, म्हणजे शस्त्रक्रियेच्या गटात साडेतीन वर्षे व दुसऱ्या गटात ३.८ वर्षे, असे आढळले. रुग्णसंख्या लहान असल्याने यावरून अखेरचा निवाडा होत नाही. तथापि निदान त्या कर्करोगात तरी 'कापले म्हणजे आयुष्य वाढलेच' असे समजणे धाडसाचे आहे, एवढे यावरून दिसते.

याचा अर्थ काय घ्यावयाचा? मी असा घेतो की, "आता काही उपयोग नाही" हे आंधळेपणाने म्हणणे जितके चूक, तितकेच "काहीही करून ऑपरेशन करा" असा हट्ट धरणे चूक. शेत विकून, कर्ज काढून, एकामागून एक खासगी दवाखाने धुंडाळीत जाणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत. योग्य ठिकाणी प्रश्न विचारावा आणि तेथून आलेले उत्तर, होकार असो वा नकार, विश्वासाने स्वीकारावे. नकार आला तरी रुग्णाला वाऱ्यावर सोडावयाचे नसते. वेदना व धाप कमी करण्याचे उपचार हाही वैद्यकाचा एक विभाग आहे आणि तो रुग्णाचा हक्क आहे.

सोयी कोठे आहेत?

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय आपल्या भागाला परके नाही. लेडी मेहरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे हे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या गिरणगावात महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांच्या पिढ्या राबल्या, त्याच वस्तीत ते उभे आहे. आणि तरीही 'टाटाला नेले' हे शब्द आपल्याकडे अजून दबक्या आवाजात उच्चारले जातात. याच संस्थेचे मोठे केंद्र खारघर येथे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. दक्षिणेस कशेडी घाट उतरून गेल्यास चिपळूण तालुक्यात डेरवण येथील वालावलकर रुग्णालय आहे. टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने तेथून कोकणच्या ग्रामीण भागात कर्करोग तपासणीचे कार्य चालत आले आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८२ पासून ग्रामीण भागातील कर्करोग रुग्णालय चालू आहे. देशातील अशा रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ साली स्थापन झाले असून, रुग्णाला जेथे जाता येईल तेथे सारख्याच दर्जाचा उपचार मिळावा हा त्याचा उद्देश आहे.

खर्चाच्या बाबतीत, २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्यांना प्रथम भेटावे आणि सुचविलेली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. एस. टी. आणि रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णांस सवलत आहे. तिच्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. राहण्याची सोय हा आपल्या लोकांपुढील मोठा प्रश्न असतो. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या संस्थांनी बाहेरगावच्या असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागात याची चौकशी करता येते.

आपण काय करावे?

शिक्षकांना माझी विनंती आहे की, एखाद्या विद्यार्थ्याच्या गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ सूज असेल, रात्री ठणका लागत असेल आणि तो दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर मालिश थांबवून क्ष-किरण चित्र काढावयास पालकांना सांगावे. बहुतेक वेळा काही निघणार नाही. जेव्हा निघेल तेव्हा ते वेळेवर निघेल.

ग्रामपंचायतीने व आशा स्वयंसेविकांनी गावातील कर्करोगाचे उपचार घेतलेल्या माणसांची, त्यांच्या संमतीने आणि खाजगीपणा राखून, एक साधी वही ठेवावी. तिच्यात दोनच गोष्टी असाव्यात : पुढील तपासणीची तारीख आणि ती पाळली की नाही. तारीख लावणीत किंवा ऐन पावसात येत असेल, तर अगोदर कळवून ती बदलून घ्यावी. पण ती चुकवू नये. जुलै २०२१ मध्ये तळीयेची दरड कोसळली त्या दिवसांत आपल्याकडील रस्ते कसे बंद पडले, हे आपण सर्व जाणता. ज्याच्याकडे जाण्यापुरते पैसे नसतील त्याला गावाने हातभार लावावा. या एका फेरीचा खर्च गावजेवणातील एका पंगतीहून कमी असतो.

कुटुंबाने सर्व कागद एका पिशवीत ठेवावेत : निदानाचा अहवाल, शस्त्रक्रियेचा सारांश, औषधांची यादी, जुने फोटो, सीटी स्कॅनची सीडी. जुना फोटो फेकू नये, कारण डाग नवा की जुना, हे तुलनेनेच कळते.

आणि मुंबईकर मंडळींना, म्हणजे आपल्या गावकीच्या खोल्यांवर राहणाऱ्या आपल्या भावांना, एवढेच कळवावे की, गावाकडून कोणी फोटो घेऊन आला तर सल्ला देण्यापूर्वी त्याला रुग्णालयात न्यावे. त्या खोलीत सर्वांत शिकलेला जो असेल त्याच्यावर याची अधिक जबाबदारी आहे. ती मी पार पाडली नाही, म्हणून आज हे बोलतो आहे.

मामांच्या घरी ती पेटी अजून आहे. गेल्या वर्षी मी तिच्यातील फोटो प्रथमच त्या शल्यचिकित्सकांना नेऊन दाखविला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि सांगितले की, दोन डाग दिसतात, दोन्ही उजव्या बाजूला आहेत. याहून अधिक ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर हे दोन डाग त्याच आठवड्यात योग्य माणसांनी पाहावेत, एवढीच माझी प्रार्थना आहे.